लिंडलार लावलं म्हणजे रिॲक्शन आपोआप थांबत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या शिक्षणाच्या पानावर सीईटीवाल्या मुलांसाठी केमिस्ट्री पाठ करायच्या युक्त्या येतात. मध्यंतरी त्यात एक चौकट होती, अल्काइन अधिक लिंडलार म्हणजे सिस अल्कीन, अल्काइन अधिक सोडियम-लिक्विड अमोनिया म्हणजे ट्रान्स अल्कीन, आणि खाली लिहिलेलं की एवढं पाठ असलं की एक मार्क कुठे जात नाही. (अल्काइन म्हणजे कार्बन-कार्बन तिहेरी बाँडचं रसायन, अल्कीन दुहेरी बाँडचं, अल्केन एकेरीचं; सिस म्हणजे दुहेरी बाँडवरचे गट एकाच बाजूला, ट्रान्स म्हणजे विरुद्ध बाजूंना; आणि लिंडलार हा पॅलेडियमचा एक कॅटॅलिस्ट, रिॲक्शन घडवून आणणारा.) चौकटीत चूक काही नाहीये. मार्क मिळेल पण. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते जरा लांबतंय, त्यामुळे छापताना कापलंत तरी चालेल, फक्त शेवटी प्रॅक्टिकलबद्दल जे लिहिलंय ते ठेवा अशी विनंती.

मी कोकणातल्या एका एमआयडीसीत हायड्रोजनेशनच्या, म्हणजे रेणूत हायड्रोजन घालायच्या, कामावर आहे, बरीच वर्षं. आमच्याकडे दरवर्षी एमएस्सी झालेली मुलं-मुली इंटरव्ह्यूला येतात, चांगली असतात, मेहनती असतात, बरीचशी घरातली पहिलीच शिकलेली. मी प्रत्येकाला हाच प्रश्न विचारतो, की अल्काइनला हायड्रोजन दिला तर तो अल्कीनवरच का थांबतो, पुढे अल्केन का होत नाही? उत्तर ठरलेलं, "सर कॅटॅलिस्ट पॉयझन केलेला असतो म्हणून." (पॉयझन करणं म्हणजे कॅटॅलिस्ट मुद्दाम थोडा सुस्त करणं.) मग मी विचारतो, बरं, समजा हायड्रोजन चालू ठेवून तू रात्री घरी गेलास, सकाळी आलास, तर रिॲक्टरमध्ये काय असेल? इथे बहुतेक सगळे गप्प होतात, आणि काही जण ठामपणे सांगतात की अल्कीनच असेल सर, लिंडलार आहे ना. तिथे मला फार वाईट वाटतं, कारण हे त्या पोराचं अपयश नाहीये, त्याला अकरावीपासून एमएस्सीपर्यंत कोणी हा प्रश्न विचारलेलाच नाहीये. बाण काढायचा, बाणाच्या डोक्यावर लिंडलार लिहायचं, की झालं.

खरं काय होतं ते सांगतो. अल्काइनमध्ये तीन बाँड, त्यात हायड्रोजनचा एक रेणू घातला की अल्कीन, अजून एक घातला की अल्केन. आणि दोन्ही पायऱ्या उताराच्याच आहेत, दोन्हीत उष्णता बाहेर पडते. सगळ्यात साधं उदाहरण ॲसिटिलीनचं, ॲसिटिलीनचं एथिलीन होताना मोलमागे साधारण 175 किलोजूल निघतात आणि एथिलीनचं एथेन होताना साधारण 137. म्हणजे निसर्गाच्या दृष्टीने मधे थांबायचं काही कारणच नाहीये. माल सरळ तळाला जाऊ शकतो आणि वेळ दिला तर जातोच. मधल्या पायरीवर जे थांबणं आहे ते वेगाच्या फरकामुळे मिळालेलं, तात्पुरतं थांबणं आहे. ते पकडावं लागतं.

हा वेगाचा फरक कुठून येतो, तर पॅलेडियमच्या पृष्ठभागावर जागा मोजक्या असतात आणि अल्काइन तिथे अल्कीनपेक्षा खूप घट्ट बसतं. लग्नाच्या पंगतीत पहिली पंगत बसलेली असताना मागे उभे असलेल्यांना कितीही भूक असली तरी पान मिळत नाही, तसं अल्काइन आहे तोवर अल्कीनला जागाच मिळत नाही, तयार झालेलं अल्कीन बाजूला होतं आणि पुन्हा बसायला येऊ शकत नाही. पण पहिली पंगत उठली की? अल्काइन संपत आलं की जागा रिकाम्या होतात, अल्कीन येऊन बसतं आणि त्याचंही हायड्रोजनेशन सुरू होतं. म्हणून शेवटचा टप्पा धोक्याचा. अल्काइन 50 टक्के उरलेलं असताना सिलेक्टिव्हिटी (म्हणजे झालेल्या मालात हवं ते अल्कीन किती) कोणत्याही बऱ्या कॅटॅलिस्टवर छान दिसते, खरी परीक्षा अल्काइन 2 टक्क्यांवरून 0.2 वर आणताना होते. पेपरांमध्ये (म्हणजे रिसर्च पेपरांमध्ये) सिलेक्टिव्हिटीचा आकडा दिलेला असतो तेव्हा तो किती कन्व्हर्जनला, म्हणजे किती अल्काइन संपल्यावर, आहे हे आधी बघावं, नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही.

हर्बर्ट लिंडलार स्वित्झर्लंडमध्ये बाझलला हॉफमन-ला रोश कंपनीत होता. तिथे व्हिटॅमिन ए बनवायचं काम चालू होतं, ऑटो इस्लर आणि मंडळींनी 1947 मध्ये त्याचं सिंथेसिस जमवलं होतं, आणि त्या साखळीत एक तिहेरी बाँड असा होता की त्याचा दुहेरी करायचा पण बाजूला आधीच असलेल्या दुहेरी बाँडना हात लावायचा नाही. साधं पॅलेडियम लावलं की ते जास्त पुढे जायचं. लिंडलारने 1952 मध्ये हेल्व्हेटिका किमिका ॲक्टामध्ये आपला कॅटॅलिस्ट छापला, कॅल्शियम कार्बोनेटवर पॅलेडियम, त्यावर लेड ॲसिटेटची ट्रीटमेंट म्हणजे शिसं, आणि रिॲक्शनमध्ये वरून थोडं क्विनोलीन. शिसं पॅलेडियमच्या जास्त तापट जागा अडवतं, क्विनोलीन उरलेल्या जागांसाठी अल्कीनशी स्पर्धा करतं, पंगत रिकामी झाली तरी अल्कीनला सहजासहजी पान मिळू देत नाही. म्हणजे दुसऱ्या पायरीचा वेग खूप कमी होतो. कमी होतो, शून्य होत नाही. हा एवढा फरक मुलांना कळला तरी मी खूश होईन.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात गंमत म्हणजे हे लिहिलेलं आहे, की अल्काइनला मोजून घेतलेला हायड्रोजन द्यायचा. मोजून! पण शिकवताना तो भाग गाळला जातो आणि कॅटॅलिस्टचं नाव तेवढं राहतं. त्याच पुस्तकात लिंडलार म्हणजे अर्धवट निष्क्रिय केलेला पॅलेडियम-चारकोल असं दिलंय, खऱ्या लिंडलारमध्ये चारकोल नसतो, कॅल्शियम कार्बोनेट असतं. ही काही जीवघेणी चूक नाही, पण पोरगं प्लांटमध्ये आल्यावर पॅलेडियम-कार्बनचा डबा उचलून त्यात दोन थेंब क्विनोलीन टाकतं आणि म्हणतं लिंडलार झाला, तेव्हा त्या चुकीचे पैसे लागतात.

एक अगदी जवळचं उदाहरण देतो. गवत कापल्यावर जो ओला हिरवा वास येतो ना, त्यातला एक मुख्य घटक सिस-3-हेक्झिनॉल, परफ्यूमवाले त्याला लीफ अल्कोहोल म्हणतात. साबणात, शाम्पूत, चहाच्या आणि फळांच्या फ्लेवरमध्ये जातो. तो कारखान्यात बनवायचा नेहमीचा रस्ता म्हणजे 3-हेक्झाइन-1-ऑल घ्यायचं आणि त्याचा तिहेरी बाँड अर्धवट हायड्रोजनेट करायचा. हिशोब सोपा आहे, त्या अल्काइनचा रेणूभार 98, म्हणजे 98 किलो मालाला हायड्रोजन लागतो 2 किलो, नेहमीच्या तापमानाला जवळपास साडेचोवीस घनमीटर, 7 घनमीटरवाले साधारण साडेतीन सिलेंडर. तेवढा गेला की थांबायचं. त्यापुढे गेलं की हेक्झॅनॉल व्हायला लागतं. आता इथे मेख अशी आहे की सिस-3-हेक्झिनॉल 156-157 डिग्रीला उकळतं आणि हेक्झॅनॉल 157 ला. म्हणजे एकदा का बॅच पुढे गेली की डिस्टिलेशन कॉलम कितीही उंच असूदे, ते वेगळं होत नाही. चूक सुधारायला जागाच नाही. हेक्झॅनॉलला तो कापलेल्या गवताचा टवटवीतपणा नाही, बाटली उघडली की सवयीच्या नाकाला लगेच कळतं.

मी पाहिलेली एक बॅच अशीच गेली, कंपनीचं नाव सांगायची गरज नाही. नवीन केमिस्ट नाइट शिफ्टला, त्याला सांगितलेलं प्रेशर धरून ठेव, त्याने धरलं. हायड्रोजन किती गेला हे बघायचं मीटर समोर होतं पण ते का बघायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि त्याच्या डोक्यात हे पक्कं की लिंडलार आहे, थांबणारच. अपटेक (आत गेलेला हायड्रोजन) एका इक्विव्हॅलंटला, म्हणजे अल्काइनच्या एका रेणूमागे हायड्रोजनच्या एका रेणूला, आल्यावर ग्राफ चांगला वाकला होता, वेग एकदम कमी झाला होता, पण शून्य झाला नव्हता, आणि त्या कमी वेगाने पहाटेपर्यंत हायड्रोजन जात राहिला. सकाळी जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणात काय किती आहे ते दाखवणारं यंत्र) लावला तर हेक्झॅनॉलचा पीक भलामोठा. त्या पोराला बोलणी बसली. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की बोलणी त्याच्या एकट्याच्या वाट्याची नव्हती. तो ग्राफ वाकतो तिथे सॅम्पल काढायचं, जीसी बघायचा, हायड्रोजन बंद करून नायट्रोजन मारायचा, हे त्याने कॉलेजात एकदा जरी स्वतःच्या हाताने केलं असतं तर त्याला कोणी सांगायची गरज पडली नसती.

सिस-ट्रान्सची पण हीच कथा. हायड्रोजनचे दोन्ही अणू पृष्ठभागाच्या बाजूनेच चढतात म्हणून सिस मिळतं, हे सगळ्यांना येतं. पण अल्काइन संपल्यावर तेच सिस अल्कीन पुन्हा पृष्ठभागावर बसलं की एक हायड्रोजन चढतो, बाँड एकेरी झाल्यामुळे फिरतो, आणि हायड्रोजन परत उतरला तर ट्रान्स होऊन बाहेर पडतं. वनस्पती तुपात ट्रान्स फॅट असंच तयार होतं, मूळ तेलातले बाँड सिस असतात, निकेलवर अर्धवट हायड्रोजनेशन करताना काही उलटतात, ज्यावर एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आणलीय. आपल्या पेपरात तेव्हा ट्रान्स फॅटवर भरपूर छापून आलं होतं. ते ट्रान्स येतं कुठून हे त्यात मला कुठे सापडलं नाही, आणि ते सांगायला एवढं एक वाक्य पुरलं असतं.

आता कोणी म्हणेल हे तुमच्या कारखान्यातलं, आम्हाला काय त्याचं. तर विदर्भात या. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने कापसाचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि तेव्हापासून प्रत्येक हंगामात कृषी खातं आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगते की शेतात कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे) लावा, सापळ्यात सलग 3 रात्री रोज 8 किंवा जास्त पतंग सापडले की फवारणीचं बघा. त्या सापळ्यात जी ल्यूर, म्हणजे वासाची गोळी, लावतात त्यात गॉसिप्लुअर असतं, काही मिलीग्रॅम. हे 16 कार्बनच्या साखळीचं ॲसिटेट आहे, 7 आणि 11 नंबरला दुहेरी बाँड, 7 नंबरचा सिसच पाहिजे, 11 नंबरचा साधारण निम्म्या रेणूंत सिस आणि निम्म्यांत ट्रान्स. नर पतंगाला हे मिश्रण ओळखता येतं, त्याच्या मिशांवर तसे ग्राहकच आहेत. 1966 मध्ये एक वेगळंच रसायन बोंडअळीचा कामगंध म्हणून जाहीर झालं होतं, शेतात ते चाललं नाही, मग 1973 मध्ये खरी रचना कळली आणि सापळ्यात पतंग यायला लागले. असे सिस बाँड बनवायचा एक जुना आणि अजूनही वापरात असलेला रस्ता म्हणजे आधी तिथे तिहेरी बाँड बसवायचा आणि मग लिंडलार किंवा निकेल बोराइडवर (याला पी-2 निकेल म्हणतात, एथिलीनडायअमीन घालून फार छान सिस देतं) अर्धवट हायड्रोजनेशन करायचं. म्हणजे यवतमाळच्या शेतकऱ्याने सापळ्यात मोजलेले पतंग किती भरवशाचे हे शेवटी कुठल्यातरी रिॲक्टरवर उभ्या असलेल्या माणसाने हायड्रोजन वेळेवर बंद केला की नाही यावरही अवलंबून असतं. अमेरिकेने 2018 मध्ये ही अळी आपल्या कापूस पट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं, त्यात बीटी कापूस आणि वांझ पतंग सोडणं होतं, तसंच कामगंधाने नर-मादीची गाठ पडू न देणं हेही होतं. या रसायनांचं महत्त्व केवढं हे त्यावरून कळावं.

नागोठण्याचा गॅस क्रॅकर (गॅसचे रेणू तोडून एथिलीन बनवणारा प्लांट) आमच्या जिल्ह्यातला, आयपीसीएलने उभारलेला, आता रिलायन्सकडे. क्रॅकरमधून जे एथिलीन येतं त्यात थोडं ॲसिटिलीन असतंच, नाफ्था क्रॅकर असेल तर त्या प्रवाहात साधारण अर्धा ते दोन टक्के, आणि पॉलिथिलीन बनवायचं तर ते दशलक्षात 5 भागांच्या खाली, बऱ्याचदा 1 च्या खाली आणावं लागतं, नाहीतर पॉलिमरचा कॅटॅलिस्ट मरतो. मग ते ॲल्युमिनावरच्या पॅलेडियम-चांदीवरून हायड्रोजनबरोबर सोडतात, ॲसिटिलीनचं एथिलीन होतं. इथे आमच्या हेक्झिनॉलपेक्षा दहापट अवघड काम आहे, कारण आजूबाजूला एथिलीनचा महापूर आणि त्यात चिमूटभर ॲसिटिलीन, त्या चिमटीलाच धरायचं आणि पुराला हात लावायचा नाही. काही ठिकाणी थोडा कार्बन मोनॉक्साइड मुद्दाम ठेवतात, तो पृष्ठभागावर जागा अडवून एथिलीनला लांब ठेवतो. हायड्रोजन जरा जास्त झाला, तापमान चढलं, की एथिलीन एथेन व्हायला लागतं, त्याच्या उष्णतेने कॅटॅलिस्टचा थर अजून तापतो, अजून एथिलीन जातं, आणि रनअवे, म्हणजे सगळं हाताबाहेर. हायड्रोजन कमी पडला तर ॲसिटिलीन निसटतं आणि शिवाय ॲसिटिलीनचे रेणू एकमेकांना चिकटून ग्रीन ऑइल नावाचं चिकट तेल होतं ते कॅटॅलिस्टवर बसतं. ऑपरेटर हे दोन्ही बाजूंनी सांभाळत असतो. बादल्या, पाइप, दुधाच्या पिशव्या, सगळं त्याच्या पलीकडे.

या विषयात अजून शोधायला भरपूर आहे, तो संपलेला नाहीये, हेही मुलांना सांगायला हवं. पॅलेडियम स्वतःच्या पोटात हायड्रोजन साठवतं हे टॉमस ग्रॅहमने 1866 मध्ये दाखवलं होतं, आणि हा पोटातला हायड्रोजन वर आला की जास्त आक्रमक असतो, सिलेक्टिव्हिटी घालवतो. 2008 मध्ये बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर इन्स्टिट्यूटच्या लोकांनी सायन्समध्ये दाखवलं की रिॲक्शन चालू असताना अल्काइनमधलाच थोडा कार्बन पॅलेडियमच्या वरच्या थरांत शिरतो आणि पोटातल्या हायड्रोजनला वर येऊ देत नाही, म्हणजे कॅटॅलिस्ट काम करता करता स्वतःला बदलतो. डब्यातून काढलेला कॅटॅलिस्ट आणि अर्ध्या तासाने रिॲक्टरमध्ये फिरणारा कॅटॅलिस्ट हे एक नाहीत, आम्ही प्लांटवाले हे अनुभवाने म्हणायचो, त्यांनी मोजून दाखवलं. त्याच वर्षी कॉम्प्युटरवर हिशोब करून निकेल-झिंकसारखा स्वस्त मिश्रधातू ॲसिटिलीनसाठी सुचवला गेला. 2012 मध्ये तांब्याच्या पृष्ठभागावर पॅलेडियमचे सुटे सुटे अणू बसवले, हायड्रोजन पॅलेडियमवर फुटतो आणि शेजारच्या तांब्यावर जातो, आणि तांब्यावर अल्कीन घट्ट बसतच नाही. केवढी सुंदर कल्पना आहे ही. आपल्या पुण्याच्या एनसीएलमध्येही (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) ब्यूटाइनडायॉलचं ब्यूटीनडायॉल करण्यावर चांगलं काम झालंय, अमोनियासारखा बेस घातला की साइड प्रॉडक्ट कसे कमी होतात वगैरे, आणि ते ब्यूटीनडायॉल व्हिटॅमिन बी6 वगैरेसाठी लागतं. शिशाचा प्रश्न तर आहेच, वापरून झालेल्या कॅटॅलिस्टमध्ये शिसं असलं की त्याची विल्हेवाट डोकेदुखी, औषधाच्या मालात शिशाचा अंशही नको असतो, म्हणून बिनशिशाचे कॅटॅलिस्ट बाजारात आलेत. पुण्या-मुंबईच्या मुलांना यात करण्यासारखं खूप आहे. पण ज्याला आधीच वाटतं की लिंडलारने प्रश्न 1952 मध्येच सुटला, तो यात उतरेलच कशाला?

आता माझी मागणी. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला किंवा एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला अल्काइनच्या अर्धवट हायड्रोजनेशनचं एक प्रॅक्टिकल असावं, आणि ते गॅस ब्युरेट (गॅस मोजायची खुणांची काचेची नळी) लावून असावं. नुसता हायड्रोजनचा फुगा लावून रात्रभर स्टरर फिरवणं नको, कारण फुग्यात मोजमाप नाही. डायफिनाइल ॲसिटिलीन घ्यावं, 1.78 ग्रॅम, म्हणजे एक शतांश मोल. त्याला एक इक्विव्हॅलंट हायड्रोजन लागतो 27 डिग्रीला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला साधारण 246 मिली. पाण्यावर गोळा केला तर पाण्याच्या वाफेचं करेक्शन करायचं, पुण्यात केलं तर हवेचा दाब कमी म्हणून तेही करेक्शन, म्हणजे फिजिकल केमिस्ट्रीत शिकलेलं एकदा तरी कामाला येईल. दर मिनिटाला किंवा दोन मिनिटांनी वाचन घ्यायचं आणि ग्राफ काढायचा. एका गटाने साधा पॅलेडियम-कार्बन वापरायचा, एकाने लिंडलार आणि क्विनोलीन, आणि एका गटाने लिंडलार असूनही मुद्दाम न थांबता पुढे जायचं. तीन ग्राफ शेजारी ठेवले की कोणाला व्याख्यान द्यावं लागणार नाही.

हेच रसायन का, तर ते डोळ्यांनी दिसतं म्हणून. डायफिनाइल ॲसिटिलीन घन, साधारण 60 डिग्रीला वितळणारं. बरोबर थांबलात तर सिस-स्टिल्बीन, जे खोलीच्या तापमानाला द्रव आहे, फ्लास्कमध्ये तेल मिळतं. पुढे गेलात तर बायबेंझिल, पुन्हा घन, 52 डिग्रीच्या आसपास वितळतं. आणि कुठे उलटून ट्रान्स झालं असेल तर ट्रान्स-स्टिल्बीन, 120 च्या वर वितळणारे पांढरे स्फटिक. ज्या कॉलेजकडे जीसी किंवा एनएमआर नाही, आणि बहुतेकांकडे नाहीच, त्यांच्याकडे मेल्टिंग पॉइंटची कॅपिलरी तरी असतेच. तेवढ्यावरही बऱ्यापैकी कळतं की आपण थांबलो की पुढे गेलो, मिश्रण झालं असेल तर तेही कळतं कारण मग धड वितळत नाही. सिस-स्टिल्बीन उन्हात ठेवू नये फक्त, हळूहळू बदलतं.

प्राध्यापक मंडळी म्हणतील हायड्रोजनचा धोका. बरोबर आहे, मी रोज त्याच धोक्यात काम करतो, त्यामुळे हलक्यात घेणार नाही. हायड्रोजन हवेत 4 ते 75 टक्के असला की पेटू शकतो, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही, आणि कोरडा पॅलेडियम-कार्बन मेथॅनॉलच्या वाफेत टाकला तर ठिणगीची वाट बघत नाही. म्हणून कॅटॅलिस्ट नेहमी आधी नायट्रोजनखाली भिजवायचा, हायड्रोजन सोडायच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा नायट्रोजन फिरवायचा, फिल्टरवरचा कॅटॅलिस्ट कधीही कोरडा होऊ द्यायचा नाही, पाण्याने ओला ठेवून वेगळ्या डब्यात टाकायचा. पण इथे तर मामला पाव लिटर गॅसचा आहे, पंखा चालू असलेल्या फ्यूम हूडमध्ये, शिक्षक शेजारी उभे. या सवयी जर त्या पाव लिटरवर लागल्या नाहीत तर मग त्या थेट हजार लिटरच्या ऑटोक्लेव्हवर लावायच्या का? खर्चाचं म्हणाल तर लिंडलार महाग आहे, पण एका प्रयोगाला तो फार तर शंभर-दोनशे मिलीग्रॅम लागतो, वापरलेला जमवून ठेवला तर पॅलेडियम परत काढणारे लोक तो विकत घेतात. गॅस ब्युरेट काचेचं काम करणारा कोणीही बनवून देईल.

आणि परीक्षेतला प्रश्नही बदलावा. बाण देऊन रिकामी जागा भरा ऐवजी अपटेकचा ग्राफ द्या, दोन उतार असलेला, आणि विचारा की कुठे थांबशील, का, आणि न थांबता दोन तास गेले तर फ्लास्कमध्ये काय असेल. सीईटीच्या एका मार्काच्या प्रश्नातही हे बसतं, चार पर्याय देऊन. आपल्या शिक्षणाच्या पानावरच्या त्या चौकटीतही बसेल, जागा फक्त एका ओळीने वाढेल: हायड्रोजन मोजून द्यायचा, एक इक्विव्हॅलंट झाला की बंद करायचा, कारण अल्काइन संपल्यावर लिंडलारवरही अल्कीन पुढे जातं, फक्त सावकाश. पुढच्या वेळी ती चौकट छापाल तेव्हा ही ओळ घाला. आणि रायगड-रत्नागिरीतल्या कुठल्या कॉलेजला हे प्रॅक्टिकल लावायचं असेल, सेटअप कसा जोडायचा, नायट्रोजन कुठून घ्यायचा, ग्राफ कसा वाचायचा हे दाखवायला कोणी हवं असेल, तर रविवारी मी यायला तयार आहे, माझ्याबरोबर आमच्याकडचे दोन-तीन ऑपरेटरही येतील, त्यांना यातलं प्राध्यापकांपेक्षा जास्त कळतं आणि त्यांना कोणी कधी बोलावलेलं नाहीये. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे, कोणी विचारलं तर जरूर कळवा.

आपला नियमित वाचक,
एक प्रोसेस केमिस्ट,
जि. रायगड